सूर्यास्ताआधीचं तीन थरांचं सँडविच



आमच्या सांगलीत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य ५ वाजून ५६ मिनिटांच्या आसपास मावळतो. जूनअखेरीस हीच वेळ सातच्या पुढे गेलेली असते. म्हणजे रात्रीभोजन त्यागाचा नियम वर्षभर एकच असला, तरी स्वयंपाकघरातली घाई वर्षभर एकसारखी नसते. दशलक्षण पर्वात, भाद्रपदात, बरेच जण हा नियम घेतात. तेव्हा सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास असतो आणि सगळं सोपं वाटतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते.

माझ्या लेकीने यंदा दशलक्षणात माताजींकडून एक वर्षासाठी नियम घेतला. सूर्यास्तानंतर अन्न नाही. पाणी आणि औषधाची सूट आहे. मला न विचारता घेतला. मंदिरातून आल्यावर आधी आजीला सांगितलं, मग मला. ती दहावीत आहे. शाळा सुटून घरी यायला तिला ५ वाजून १० मिनिटं होतात आणि पावणेसहाच्या क्लाससाठी ५.३५ ला सायकल काढावी लागते. क्लास सुटतो सव्वाआठला. तुम्ही हिशेब केला असेलच. मधे फक्त पंचवीस मिनिटं, त्यातच हातपाय धुणं, कपडे बदलणं आणि ‘आई, माझी वही कुठंय’.

दिवाळीपर्यंत पोहे, उपमा, थालीपीठ असं चाललं. क्लासच्या वेळेतून दहा मिनिटं काढून डबा खायची परवानगी मागायला गेले, तर मधल्या सुट्टीची पद्धत नाही असं उत्तर मिळालं. कार्तिकात दिवस आणखी लहान झाला आणि ती साडेआठला घरी यायची ती डोकं धरूनच. पोह्यांवर साडेतीन तास अभ्यास आणि मग सकाळपर्यंतचा उपास, वाढत्या वयाच्या मुलीला हे पुरत नाही. एक दिवस यांनी स्पष्टच सांगितलं, “बोर्डाचं वर्ष आहे. नियम परीक्षेनंतर परत सुरू कर. महाराजही समजून घेतील.” लेक काही बोलली नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत, आणि त्या गप्प बसल्या म्हणजे घरात सगळ्यांना ऐकू येतं.

मला दोन्ही बाजू कळत होत्या. मुलीचं डोकं दुखतंय हे बापाला बघवत नाही, त्यात चूक काय? आणि पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून घेतलेली गोष्ट आपण सोयीसाठी सोडायला लावायची, तर पुढच्या वेळी ती कशावर विश्वास ठेवेल? तो नियम तिचा होता. पाळायचा की सोडायचा हे तिनेच ठरवावं असं मला वाटलं. पण पोट भरलेलं असताना ठरवावं. उपाशी माणसाने ठरवलेलं खरं नसतं. माझ्या हातात होतं ते एवढंच, त्या पंचवीस मिनिटांत संपूर्ण जेवण बसवणं.

पोळी-भाजी-आमटी-भात पंधरा मिनिटांत वाढता येतो, पण खाता येत नाही. ताटातलं जेवण घाईने खाल्लं की मुलं अर्धं टाकतात. मग मी तीन थरांच्या सँडविचकडे वळले. हॉटेलात ज्याला क्लब सँडविच म्हणतात ते. मूळचा हा प्रकार अमेरिकेतल्या क्लबांमधला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, आणि त्यात काय काय घालतात ते आपण इथे न लिहिलेलंच बरं. आपण घ्यायची ती फक्त रचना. तीन स्लाइस, दोन थर, एका थरात पिष्ट आणि एका थरात प्रथिनं. एका हातात धरून खाता येतं आणि भूक चार तास लांबते.

आता आपल्या मुंबईच्या गाडीवरच्या सँडविचमधून बटाटा, बीट, कांदा काढला की उरतं काय? काकडी, टोमॅटो आणि चटणी. म्हणूनच बाहेर ‘जैन सँडविच’ मागितलं की बहुतेक वेळा पाणचट काहीतरी हातात येतं. काढून टाकण्याने पदार्थ होत नाही, त्या जागी काहीतरी यावं लागतं. बटाट्याच्या जागी कच्ची केळी. हे काही मी शोधलेलं नाही, आपल्या घरांमध्ये केळ्याचे वडे आणि केळ्याची भाजी पिढ्यान्‌पिढ्या आहे. केळं सालीसकट, दोन तुकडे करून, थोड्या पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या. साल आपोआप सुटते. गरम असतानाच सोलायचं आणि किंचित गार झाल्यावर कापायचं, नाहीतर कुस्करतं. काप अर्ध्या सेंटीमीटरचे. त्याहून पातळ केले तर तोंडाला केळं लागतच नाही, जाड केले तर घास कोरडा होतो. वर मिरपूड, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू. चाट मसाला घालणार असाल तर पाकीट वाचा, काहींमध्ये कांदा-लसणाची पूड असते.

दुसरा थर पनीरचा. बाजारचं चीज मी टाळते, कारण रेनेट कुठलं आहे हे प्रत्येक पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसतं. घरी लिंबू पिळून फाडलेल्या दुधात असा प्रश्नच येत नाही. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचं १०० ग्रॅमच्या आसपास पनीर होतं आणि त्यात साधारण १८ ग्रॅम प्रथिनं असतात. अभ्यास करणाऱ्या मुलीला हे चांगलं. दाबून ठेवलेल्या पनीरचे पातळ काप तव्यावर तुपात एक मिनिट गरम करायचे, रंग येऊ द्यायचा नाही.

मेयोनेझच्या जागी चक्का. आदल्या संध्याकाळी विरजलेलं दही दुपारी फडक्यात टांगून ठेवायचं, पाऊण तासात पुरेसं घट्ट होतं. त्यात मिरपूड, मीठ आणि चिमूटभर साखर.

आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे, जी मला सासूबाईंनी दाखवली. सँडविचच्या हिरव्या चटणीत आपण दाटपणासाठी सर्रास डाळं घालतो. चक्का असेल तर ते डाळं चालणार नाही, द्विदल होतं. वरून भुरभुरलेली बेसनाची शेवही नाही. मी चटणीत ओलं खोबरं घालते. शेंगदाणे आमच्या घरात दह्याबरोबर चालतात, तेलबी असल्यामुळे. तुमच्याकडे चालत नसतील तर खोबरंच घ्या. शिवाय चातुर्मासात आम्ही पालेभाज्या सोडलेल्या असतात, त्यात कोथिंबीर-पुदिनाही आला. तेव्हा हिरव्या मिरचीची, खोबऱ्याची आणि लिंबाची पांढरी चटणी. कार्तिकी पौर्णिमेनंतर कोथिंबीर परत आली तेव्हा लेक म्हणाली, “आज सँडविच हिरवं झालं!” अष्टमी-चतुर्दशीला आम्ही हिरवं काहीच खात नाही. त्या दिवशी दोन्ही थर पनीरचे आणि मधे शेंगदाण्याची कोरडी चटणी, बिनलसणाची, लाल तिखट आणि जिरं जास्त घातलेली. खरं सांगायचं तर मला तेच सँडविच सगळ्यात आवडतं.

कच्चं आलं आम्ही वापरत नाही, सुंठ वापरतो. कोबीची पानं किंवा लेट्यूस नको, त्या घड्यांमध्ये काय दडलंय ते धुऊन कळत नाही. ढोबळी मिरची घ्यायची तर उभी चिरून, आत बघून. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाकायचा, नुसता गर ठेवायचा. आमच्या शेजारच्या वहिनी टोमॅटोच खात नाहीत, बहुबीज म्हणून, तर त्यांनी डाळिंब दाण्यांसह घालून बघितलं. बहुबीज टाळून डाळिंब! पण चव छान आली होती असं त्यांचं म्हणणं आहे.

आता ब्रेड. मला माहीत आहे, इथपर्यंत वाचताना काही जणी मनातल्या मनात हेच विचारत असतील.

सासूबाई ब्रेड खात नाहीत. त्यांच्या हिशेबात पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७, आणि भिजवलेलं पीठ तर त्याच दिवसाचं. ब्रेडचं पीठ यीस्ट घालून आंबवलेलं, मैदा कधी दळला याचा पत्ता नाही आणि पाकीट तीन-चार दिवस टिकणारं. त्यांच्या दृष्टीने यात चर्चेला जागाच नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण त्या म्हणतात ते बरोबर आहे. ज्यांच्याकडे शोधाचं अन्न आहे त्यांनी ब्रेड वापरू नये. मीही ब्रेड शुद्ध आहे असं लेकीला कधी सांगितलं नाही. हे घरात स्पष्ट असलेलं चांगलं. मुलांना सोयीची गोष्ट धर्माची म्हणून सांगितली की पुढे त्यांना दोन्ही खोटं वाटायला लागतं.

ज्या मैत्रिणी ब्रेड आणतात त्यांनी निदान एवढं तरी बघावं. हिरवा ठिपका हवाच, पण तेवढ्यावर थांबू नका, घटकांची यादी वाचा. ४७१ हा क्रमांक असलेलं इमल्सिफायर वनस्पतीचंही असतं आणि प्राणिज चरबीचंही, म्हणून ‘वनस्पतिजन्य’ असं लिहिलंय का ते पाहायचं. ९२० म्हणजे एल-सिस्टीन, पीठ मऊ करायला वापरतात, ते पिसांपासूनही काढलं जातं. स्थानिक बेकरीतून आणत असाल तर तोंडाने विचारा, ब्रेडच्या साच्यांना काय लावता, त्याच भट्टीत अंड्याचा केक होतो का. मी विचारायला गेले तेव्हा पहिल्या बेकरीवाल्याने माझ्याकडे इन्स्पेक्टर आल्यासारखं बघितलं. दुसरी बेकरी पूर्ण बिनअंड्याची निघाली आणि तिथला गव्हाचा ब्रेड त्याच दिवशी भाजलेला असतो. मी रोजचा रोज छोटा पुडा आणते.

ज्या दिवशी नियमाचा विषय घरात निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा हे सँडविच करायला घेतलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता ब्रेडवरून काही म्हणतील. त्या म्हणाल्या, “केळी मी उकडून ठेवत जाईन. तू पाचला येतेस, तुझ्याच्याने कुकर कधी लावून होणार?”

तेव्हापासून रोज पावणेपाचला त्या कुकर लावतात. चटणी त्याच वेळी पाट्यावर वाटतात, मिक्सरवर नाही, कारण मिक्सरची गरम होते म्हणे. स्वतः त्या सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण आटोपतात. त्यामुळे नोव्हेंबरात त्यांचं ताट पाचला वाढलेलं असतं. त्यांच्या ताटातही तेच केळं, तेच पनीर, तीच चटणी, फक्त ज्वारीच्या भाकरीबरोबर. नात आली की ती आजीच्या शेजारी बसते. एकीच्या हातात भाकरी, एकीच्या हातात ब्रेड आणि आतलं सारण एकच.

पंधरा दिवसांनी मी धीर करून विचारलं, “आई, तुम्हाला ब्रेड चालत नाही, मग तिच्यासाठी एवढं कशाला करता?” त्या म्हणाल्या, “अगं, मी पहिला नियम घेतला तेव्हा चहा सुटत नव्हता मला. सासूबाईंनी सहाच्या आत चहा करून दिला, पण चहा सोड म्हणाल्या नाहीत. तो नंतर सुटला.” मग लगेच, “केळ्याला मीठ कमी पडलंय आज.”

रात्रीभोजनाच्या त्यागामागे आपली मूळ भूमिका अहिंसेची आहे. दिव्याकडे येणारे बारीक जीव अन्नात पडतात, अंधारात दिसत नाहीत. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात याची चर्चा आहे. आजच्या मुलांना आपण लगेच पचनाचं आणि शास्त्रज्ञांचं सांगायला जातो. लेकीला मी एकदा तसं सांगायला गेले तर ती म्हणाली, “आई, मी तब्येतीसाठी नाही केलेलं.” त्यावर मी काय बोलणार?

असो. मांडणी सांगते, कारण सगळी गंमत मांडणीत आहे.

तिन्ही स्लाइस तव्यावर तुपात भाजायच्या. लोणी नाही, आपल्याकडे लोणी अभक्ष्य. तुपाने ब्रेड जास्त कुरकुरीत होतो आणि चटणीचं पाणीही आत शिरत नाही. वरची आणि खालची स्लाइस आतल्या बाजूने नीट भाजा, बाहेरून नुसती शेकलीत तरी चालेल. मधली मात्र दोन्ही बाजूंनी कडक हवी, ती दोन ओल्या थरांच्या मधे बसते आणि तीच मऊ पडली तर सँडविच हातात दुमडतं. खालच्या स्लाइसला चटणी, त्यावर केळ्याचे काप एकमेकांवर किंचित चढवून, त्यावर टोमॅटोचा गर. मधली स्लाइस ठेवून तिला वरून चक्का, मग काकडीच्या चकत्या आणि पनीर. टोमॅटो आणि काकडी एका थरात घालू नका, दोन्ही पाणी सोडतात. काकडीला मीठ अगदी शेवटी. वरची स्लाइस चक्का लावून पालथी घालायची, त्यावर एक ताटली उलटी ठेवून दहा सेकंद तळहाताने दाबायचं. चार कोपऱ्यांपासून बोटभर आत टूथपिक खोचून मग कर्णावर कापायचं, चार त्रिकोण. आधी टूथपिक, मग सुरी. कडा मी काढत नाही. हॉटेलात काढतात, पण कडा काढून टाकायच्या आणि मग अन्न वाया घालवू नका असं मुलांना सांगायचं, हे मला जमत नाही.

केळी आणि चटणी तयार असेल तर हात धुतल्यापासून बशी समोर येईपर्यंत नऊ-दहा मिनिटं लागतात. बरोबर एक पेला ताक. लेक ५.१५ ला बसते, ५.२८ ला उठते. चारही त्रिकोण संपतात. पाणी गाळून भरलेली बाटली तिच्या दप्तरात.

रविवारी क्लास नसतो, तेव्हा ब्रेडला सुट्टी. सासूबाई दुधात पीठ भिजवून जाडसर दशम्या करतात, त्या तीन दशम्यांचे थर लावून हेच सँडविच होतं. दशमी मऊ असते म्हणून कापायच्या आधी पूर्ण गार होऊ द्यायची. यात यीस्ट नाही, पीठ घरचं, म्हणजे शोधाचं खाणाऱ्यांनाही करता येईल. चवीला मला तरी ते जास्त भरीव वाटतं. लेकीचं मत वेगळं आहे.

डोकेदुखी थांबली. यांनी नियमाचा विषय परत काढला नाही, पण एका संध्याकाळी ऑफिसमधून लवकर आले आणि ५.२० ला लेकीच्या शेजारी येऊन बसले. “एक मलाही कर,” म्हणाले. “रोज नाही हं, आजच.” त्या आठवड्यात ते तीनदा लवकर आले.

आता फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळेल, आणि तेव्हा क्लासही परीक्षेसाठी बंद झालेला असेल. वेळ भरपूर असेल, पोळी-भाजी होऊ शकेल. मी लेकीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, सँडविच ठेव. आणि परवापासून तिची एक मैत्रीण क्लासला जाताना आमच्या घरावरून जाते, तीही आपल्यातलीच, तिच्या आईची दुपारची पाळी असते. त्यामुळे सध्या सासूबाईंच्या कुकरमध्ये रोज चार केळी असतात आणि ब्रेडचा छोटा पुडा पुरत नाही.